हैबती मिस्तरींचा जावई आणि गाडीचा ताप

एका गावात एक भोळा जावई होता. भोळा हा तोंडावर म्हणायचा शब्द. पाठीमागे लोक वेगळा शब्द वापरत, आणि तोच खरा होता.

त्याचं नाव लहानू. सासरे हैबती मिस्तरी. हमरस्त्याला लागून त्यांचं गॅरेज. मिस्तरींचे हात आता थरथरायला लागले होते आणि पोटी मुलगा नव्हता. म्हणून त्यांनी एकुलत्या एका लेकीसाठी, वैजयंतासाठी, घरजावई आणला. जावई हाताशी आला तर गॅरेज चालेल, नाहीतर जन्मभराच्या कष्टाचं शटर कायमचं खाली. मिस्तरींना रात्रंदिवस हाच घोर.

आता लहानूच्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावायची. नवी आत गेली की जुनी बाहेर. बरं, कान धरून शिकवावं तर तो पडला जावई! जावयाला ‘अरे गाढवा’ म्हणायची आपल्याकडे रीत नाही. गाढव असलं तरी त्याला पाटावर बसवायचं आणि ‘घ्या अजून एक पोळी’ म्हणायचं. त्यामुळे मिस्तरींचं सगळं शिकवणं ‘जावईबापू, असं करावं’ अशा साखरेच्या पाकातलं.

नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत बोटाएवढा सेन्सर असतो. धूर किती तापलाय हे तो गाडीला सांगतो. काही बिघडलं की ड्रायव्हरसमोर पिवळा दिवा लागतो. बिघाड कधी सेन्सरचा, कधी वायरचा, आणि कधी धूर खरंच तापलेला असतो. कुठलं काय ते ओळखायला अक्कल लागते. म्हणजे लहानूची पंचाईतच.

पहिल्यांदा पोपट आतारचा भाजीचा पिकअप आला. दिवा लागलेला. लहानूने सेन्सर बदलला. दिवा गेला नाही. त्याने नवा सेन्सर काढून आणखी नवा घातला. दिवा तसाच.

मिस्तरींनी वाकून पाहिलं. वायर उंदराने कुरतडली होती.

“जावईबापू,” मिस्तरी दात आवळून म्हणाले, “सेन्सर बदलण्याआधी वायर बघावी.”

“बरं मामा. वायर बघावी.”

मग मुरमाचा डंपर आला. दगड बसून सेन्सर सरळ सरळ वाकलेला. आंधळ्यालाही दिसला असता. पण लहानू वायर बघत होता. एक बघून झाली की दुसरी. दिव्याची, भोंग्याची, वायपरची, देवाच्या फोटोभोवतीच्या रंगीत माळेचीसुद्धा. संध्याकाळी सगळ्या वायरी सोडवून अंगणात शेवयांसारख्या वाळत घातल्या आणि म्हणाला, “एकही तुटलेली नाही. गाडी घेऊन जा.”

“कशी नेऊ? डोक्यावर?” डंपरवाला ओरडला.

आत सासूबाई भामाबाई पोळ्या लाटत होत्या. त्या लाटण्याला सांगितल्यासारखं मोठ्याने म्हणाल्या, “ह्याच्याऐवजी दावणीला म्हैस बांधली असती तर दूध तरी मिळालं असतं!”

मिस्तरींनी घोटभर पाणी पिऊन राग गिळला. “जावईबापू, सकाळी गाडी चालू करण्याआधी सेन्सरचा आकडा वाचायला स्कॅनर लावावा. थंड गाडीत सेन्सरने बाहेरच्या हवेइतकाच आकडा दाखवावा. भलताच दाखवला तर समजावं, सेन्सर खोटं बोलतोय.”

“बरं मामा. भलता आकडा म्हणजे खोटा.”

नंतर घाट चढून एक जीप आली. नळी निखाऱ्यासारखी फुललेली. गाडीवाल्याला फक्त वाट विचारायची होती. पण लहानूने स्कॅनर लावला. हवा अंग सुखावणारी आणि सेन्सर सांगतोय चारशेच्या वर!

“खोटारड्या!” लहानू म्हणाला आणि सेन्सर उपटायला त्याने नळीला हात घातला.

पुढची बोंब वेशीपर्यंत ऐकू गेली.

वैजयंताने बोटांना तूप लावलं. तीही बापाचीच लेक. म्हणाली, “अहो, तव्यावरची पोळी तरी ओळखता ना? की तीही खोटं बोलते?”

मिस्तरींनी कपाळाला हात लावला. “जावईबापू, पाया पडतो तुमच्या. तापलेल्याला हात लावू नये. दुसऱ्यालाही लावू देऊ नये. शांत बाजूला बसावं. थंड झालं की मगच काय ते करावं.”

“बरं मामा,” लहानू फुंकर मारत म्हणाला. हा धडा कातडीतून आत गेला होता. पक्का बसला.

पुढे मिस्तरींना डोळे दाखवायला तालुक्याला जायचं होतं. हीच पारख, त्यांनी मनाशी ठरवलं. आज गड्याने गॅरेज सांभाळलं तर उद्यापासून त्याचंच.

दुपारी कडब्याने भरलेला टेम्पो आला. दिवा लागलेला. कडबा मागून लोंबत थेट धुराच्या नळीवर टेकलेला.

“दाजी, जळका वास येतोय हो,” ड्रायव्हर म्हणाला.

लहानूने स्कॅनर लावला. आकडा भलामोठा. या खेपेला सेन्सर अगदी खरं बोलत होता.

“तापलीय,” लहानू म्हणाला. “शांत बसायचं.” आणि टायरवर बसला.

कडब्याने धूर धरला, मग जाळ धरला. ड्रायव्हर बादली घेऊन धावला. लहानू हात पसरून आडवा उभा राहिला. “हात लावायचा नाही! मामांचा हुकूम आहे!”

अख्खं गाव घागरी घेऊन जमलं. पण एका घरचा जावई तो साऱ्या गावचा जावई. त्याला ढकलायचं कुणी? एकमेकांकडे बघण्यात वेळ गेला. टेम्पो पेटला. टेम्पोवरून जाळ छपरावर गेला, छपरावरून ऑईलच्या पिंपावर. वैजयंताने नवऱ्याची गचांडी धरून त्याला ओढलं, तोवर ओढण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

मिस्तरी एसटीतून उतरले ते धावतच आले. समोर लाल झालेले पत्रे आणि मधे गॅरेजची राख. त्या राखेपुढे लहानू मांडी घालून बसलेला, आणि शेजारी पाण्याने काठोकाठ भरलेल्या घागरींची रांग.

जन्मात पहिल्यांदा मिस्तरी जावयाला ‘अरे’ म्हणाले. पुढचा शब्द फुटायच्या आत लहानूने ओठांवर बोट ठेवलं.

“शांत बसा मामा. पाणी तयार आहे,” तो समजुतीने म्हणाला. “थंड झालं की लगेच विझवतो.”