मार्थाचा कडबा

जनावरं एकमेकांशी मोकळेपणाने बोलत, त्या काळची ही गोष्ट. नदीकाठच्या वीटभट्टीवर मार्था नावाची एक गाढवीण विटा वाहायची. तिथली मुकादमकी एका खेचराकडे होती. संध्याकाळी सगळ्यांना कडबाही तेच वाटायचं.

कडब्याला तोंड लावण्याआधी मार्था मान खाली घालून म्हणायची, "प्रभू येशू, आजचा घास तू दिलास. तुझे उपकार."

एकदा खेचराने ते ऐकलं. "कडबा देतो मी आणि उपकार त्याचे? यापुढे माझं नाव घ्यायचं!"

"तुम्ही वाढता, मुकादम," मार्था म्हणाली. "देणारा तोच आहे."

"मग त्याच्याकडेच माग!" खेचराने तिच्यापुढची पेंढी ओढून नेली.

दुसऱ्या दिवशी मार्थाने उपाशीपोटी विटा वाहिल्या, नेहमीइतक्याच. म्हातारा पावलू गाढव तिच्या कानाशी लागला. "नाव घेऊन टाक गं पोरी. पोटापुढे कसला हट्ट?"

"काका, माझी पाठ त्यांच्या कामाला आहे. माझी प्रार्थना त्यांची नाही."

संध्याकाळी खेचराने पेंढी तिच्या नाकापुढे नाचवली. तिने तोंड फिरवलं आणि रिकाम्या गव्हाणीपुढे उभं राहून प्रभूचेच उपकार मानले.

पावलूला ते बघवेना. त्याने आपली पेंढी तिच्यापुढे ढकलली. मग एकेक करत बाकीच्यांनीही आपल्यातला घास तिच्याकडे सरकवला.

"उद्यापासून सगळ्यांचाच कडबा बंद!" खेचर ओरडलं.

"करा बंद," पावलू म्हणाला. "आणि विटाही तुम्हीच वाहा."