गप्प बसलेला प्रोग्राम

"...चूक एकही दिसत नाही बाई, आणि तरी काल कासार गल्लीत, दत्त गल्लीत पाणी येऊन गेलं ते कुणाला कळलं नाही. घागरी रिकाम्याच राहिल्या. म्हणजे दोष माझ्यातच आहे ना?"

बिडकर बाई ओसरीवर मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आधी टेक."

वैजनाथ टेकला नाही. लॅपटॉप छातीशी धरून खांबापाशी उभा राहिला.

बाईंनी उभी हयात मोठ्या शहरांत प्रोग्राम लिहिण्यात घालवली होती. आता गावी परतून, ओसरीवर येईल त्याला त्या तेच शिकवत. वैजनाथ दिवाळीपासून येत होता. गावाला पाणी दिवसाआड. पाणी सोडणारे लिंबाजी कुठल्या गल्लीला किती वाजता सोडणार ते फोनवरच्या तक्त्यात भरत. वैजनाथचा प्रोग्राम तो तक्ता वाचून गल्लीगल्लीत मेसेज धाडी. लोक आता त्याच्याच भरवशावर राहू लागले होते.

"मामांचं फरशीचं दुकान आहे," वैजनाथ म्हणाला. "काउंटरवर माणूस पाहिजे त्यांना. आज त्यांना हो की नाही ते सांगायचंय. मी हो म्हणणार आहे."

"म्हण की."

"तुम्ही अडवणार नाही?"

"फरशी वाईट असते का?"

वैजनाथला राग आला. त्याला वाटलं होतं, बाई निदान थांब तरी म्हणतील.

"माझी बुद्धीच नाही ती," तो म्हणाला. "इथं सगळ्यांचे प्रोग्राम मुकाट चालतात. माझाच स्क्रीन चुकांच्या ओळींनी सारखा लाल व्हायचा. पोरं माना वळवून बघायची. शेवटी मीच त्याचा बंदोबस्त केला."

बाईंचा हात थांबला.

"कसला बंदोबस्त?"

वैजनाथ आता बसला. जरा ऐटीतच त्यानं लॅपटॉप उघडला. "हे बघा. तक्ता वाचताना काही बिघडलं तर काही बोलू नको, पुढच्या गल्लीकडं जा, असं लिहून टाकलंय. तेव्हापासून एकदाही लाल झाला नाही."

बाईंनी त्या ओळी वाचल्या.

मग त्यांनी मेथीचे हात पदराला पुसले, लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि त्या ओळी पुसून टाकल्या.

"बाई!"

"चालव."

त्यानं प्रोग्राम चालवला. क्षणात स्क्रीन वरपासून खालपर्यंत लाल झाला.

वैजनाथनं फटकन लॅपटॉप मिटला. कानशिलं तापली होती त्याची. "बघितलंत? हेच. हेच सांगत होतो मी."

बाईंनी लॅपटॉप परत उघडला.

"वाच."

"काय वाचू? सगळं लालच आहे."

"लाल हा रंग झाला. मी वाच म्हणतेय."

"...इतकं मोठं?"

"सगळ्यात खालची ओळ. मोठ्यानं."

दिवाळीपासून वैजनाथनं हे लाल शेकडो वेळा बघितलं होतं. वाचलं एकदाही नव्हतं. दिसलं की त्याचे डोळे आपोआप दुसरीकडे जात.

"वेळ... वेळेच्या जागी आकडा पाहिजे होता. आकडा नाही. तिथं लिहिलंय..." तो थांबला.

"काय लिहिलंय?"

"'कारखान्याचा भोंगा झाल्यावर.'"

बाई हसल्या. "लिंबाजीच्या हातात कधी घड्याळ बघितलंयस?"

"कासार गल्लीचीच ओळ आहे ही!" वैजनाथ म्हणाला. "म्हणजे प्रोग्राम सांगत होता मला..."

बाईंनी मेथीची जुडी पुढं ओढली.

वैजनाथ खाली वाकला. भोंगा झाल्यावर म्हणजे किती वाजता, हे त्यानं प्रोग्रामला समजावून सांगितलं. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमलं. पुन्हा चालवला.

कासार गल्लीची अडचण सुटली. पण स्क्रीन पुन्हा लाल झाला.

त्याचा हात झाकणाकडे गेला. तिथंच राहिला. मग मागे आला.

"दत्त गल्ली," तो वाचू लागला. "'कासार गल्लीचं संपलं की लगेच.'" आणि त्याला एकदम हसू फुटलं. "अहो, हा माणूस गोष्ट सांगितल्यासारखं लिहितो!"

"मग ऐक त्याची गोष्ट."

तेवढ्यात फोन वाजला. मामा. वैजनाथनं बाईंकडे बघितलं. त्या एक पिवळं पान निरखत होत्या. पिवळ्या पानात इतकं बघण्यासारखं काय असतं कोण जाणे.

त्यानं फोन घेतला.

"अरे वैजू, सकाळपासून वाट बघतोय. काय ठरलं तुझं?" मामांचा आवाज ओसरीभर ऐकू आला. "दुसरा एकजण दारात उभा आहे बाबा. तू नाही म्हणालास तर त्याला ठेवतो. मग परत येऊन गळ घालू नको, आधीच सांगतो."

"मामा..."

स्क्रीनवर दत्त गल्लीची ओळ तशीच लाल होती.

"मामा, त्याला ठेवा."

"तुझ्या आईला तूच सांग," असं म्हणून मामांनी फोन ठेवला.

वैजनाथ फोन हातात धरून बसला. आता परतीची वाट नव्हती.

"बाई, मी नाही म्हटलं."

"ऐकलं."

"...आणि नाहीच जमलं मला, तर?"

बाईंनी निवडलेली मेथी उचलली आणि त्या आत जायला निघाल्या. उंबऱ्यावर वळून म्हणाल्या,

"प्रोग्राम पुन्हा गप्प बसला, तर धावत ये माझ्याकडं. लाल होऊन ओरडतोय तोवर स्वतः वाच, मला उठवू नकोस."