समुद्राचं भाडं

आबा मयेकर म्हणजे बंदरावरचं बडं प्रस्थ. त्यांच्या माडीवरची खोली तीन हजारांची, पण आबा सांगत सहा. "वरचे तीन समुद्राचे. खिडकीतून दिसतो ना!"

बदली होऊन आलेली नर्स कुंदा ठोंबरे आठ दिवस दवाखान्यातल्या बाकावर झोपत होती. अख्ख्या गावात दुसरी खोली रिकामी नव्हती. आबांची खोली बघायला आल्यावर तिनं खिडकी उघडली, तर बाहेर नुसता चिखल आणि कलंडलेल्या होड्या.

"आबा, समुद्र कुठाय?"

"ओहोटी आहे, बाई. समुद्र काय पळून जातो? सहा तासांनी येतो की परत!"

कुंदा राहायला आली. भरतीला तिनं सहा हजार आबांच्या हातावर ठेवले. ओहोटी लागली तशी ती ओटीवर हजर. आबा पाहुण्यांबरोबर चहा पीत होते.

"आबा, समुद्राचे तीन हजार द्या."

"दिलेलं भाडं परत मागता?"

"पैसे काय पळून जातात, आबा? सहा तासांनी येतात की परत!"

चार माणसांत आबांना शब्द फिरवता येईना. पैसे गेले, भरतीला आले, पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी आबांनी भाडं तीन हजारांवर आणलं आणि खिडकीला स्वतःच्या हातानं जाड पडदा ठोकला. समुद्र फुकटात दिसायला नको!