टर्कीचे चार साक्षीदार

"मला एवढंच सांगा बाबा, विश्वास कुणावर ठेवायचा? एका पुस्तकावर, की चार मुलखांच्या तोंडावर?"

वेंगुर्ल्याचे तांदळाचे व्यापारी अनंतशेठ पोकळे फकीर लतीफशांच्या पडवीत मांडी ठोकून बसले होते. अंगणात बाबांचा टर्की पिसारा फुलवून फिरत होता. दोघांत ऐट कुणाची जास्त, सांगणं कठीण.

शेठ चौथीपर्यंत शिकलेले. पण बंदरावर खलाशांशी गप्पा छाटत परक्या भाषा जिभेवर बसवलेल्या. उद्या वाचनालयात त्यांचं पहिलंवहिलं भाषण. आजवर त्यांना 'तांदूळवाला' म्हणणारे सगळे पदवीधर समोर बसणार होते.

"पुस्तक काय म्हणतं?" बाबांनी विचारलं.

"म्हणे हा पक्षी अमेरिकेचा! आता भाषा ऐका. फ्रेंच म्हणतो 'दँद', म्हणजे हिंदचा. रशियन म्हणतो 'इंदेयका', तेही हिंदच. डच म्हणतो 'कालकून', म्हणजे थेट आपलं कालिकत!"

"आणि इंग्रज?"

"त्याला तो तुर्कस्तानचा वाटला. पोर्तुगिजाला पेरू देशाचा. त्यांचं सोडा."

"तुर्कांना तरी तो आपला वाटतो?"

"छे! तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात." शेठनी मांडीवर थाप मारली. "हा चौथा साक्षीदार!"

बाबा टर्कीकडे बघत राहिले.

गिऱ्हाईक गप्प झालं की व्यापारी दुप्पट बोलतो. "उद्या ठणकावून सांगणार, पक्षी आपला! तुमचा आशीर्वाद तेवढा हवा."

बाबा उठले. शेठनी भेट म्हणून आणलेली तांदळाची गोणी दाराशी होती. तिच्यावरच्या निळ्या छापावर त्यांनी बोट ठेवलं. 'पोकळे'.

"हा तांदूळ कुणाचा?"

"माझा! पार रत्नागिरीपर्यंत 'पोकळे तांदूळ' म्हणूनच मागतात."

"पिकवला कुणी?"

"आम्ही कुठले पिकवतोय, बाबा! दहा गावांचा माल वखारीत येतो. पाखडतो, मिसळतो, वर छाप मारतो. पेठेची रीतच ती."

बाबांनी गोणीचं तोंड सोडलं. मूठभर तांदूळ शेठच्या ओंजळीत घातला.

"एक दाणा उचला. गाव सांगा."

शेठनी दाणा उजेडात धरला. दातांखाली फोडून पाहिला. तीस वर्षांचा धंदा...

"जात सांगतो, बाबा. नवा की जुना तेही सांगतो. पण गाव..."

"रत्नागिरीत चार जणांना विचारलं तर?"

"पोकळ्यांचा म्हणतील."

"चौघंही?"

"...चौघंही."

अंगणात टर्कीनं पुन्हा पिसारा फुलवला. शेठनी मात्र त्याच्याकडे पाहिलं नाही. खिशातून भाषणाचा कागद काढला, उलगडला, पुन्हा घडी घातली.

"मग उद्या उभा राहू की नको?"

"राहा की! छाती काढून उभे राहा. फक्त, शेठ... जे ठाऊक नाही, ते जमेला धरू नका."