एकेचाळीस बेरजा

"म्हणजे हरवलेलं सगळं परत मिळतं म्हणतोस?"

"सगळं, गुरुजी. फक्त बेरजा हव्यात."

गावच्या शाळेत चाळीस वर्षं गणित शिकवून हरबागुरुजी खाडीवरच्या शंकराच्या देवळात राहायला आले होते. सौमित्र त्यांचाच विद्यार्थी. नऊ वर्षं परदेशात गणित शिकून तो परतला, तोवर आईचं तेरावंही उरकलं होतं.

"समजा, चेंडूसारखा एक गोल आहे," तो उत्साहानं सांगू लागला. "त्याच्या प्रत्येक बिंदूवर एक आकडा लपलाय. तो कुणी सांगत नाही. पण गोलाला बरोबर मधोमध वेढणाऱ्या प्रत्येक वर्तुळावरची बेरीज मात्र सांगतात. आता गोल हवा तसा फिरवता येतो ना? त्या सगळ्या फिरवण्यांचा जो गट, त्यातूनच लहरी निघतात. लपलेलं चित्र त्या लहरींत सुटं करायचं. बेरीज होताना प्रत्येक लहर एका ठरलेल्या संख्येनं गुणली जाते. त्या संख्येनं भागलं, की लहर परत. लहरी जुळवल्या, की चित्र परत!"

"आणि ती संख्या शून्य निघाली तर?"



"विषम लहरींची शून्यच असते. एका टोकाला जितकं अधिक, बरोबर समोरच्या टोकाला तितकंच उणं. ते बेरजेत मरतं. म्हणून आम्ही पहिल्याच ओळीत लिहितो, विषम भाग नाही असं मानू."

"मानता! सोयीचं आहे." गुरुजी हसले.

सौमित्रनं पिशवीतून वही काढली. आईचे शेवटचे महिने कसे गेले, एवढंच विचारत पंधरा दिवस तो गावात दारोदार फिरला होता. एकेचाळीस जणांचं म्हणणं वहीत उतरवलेलं होतं.

"कुणालाही विचारा, बेरीज एकच. दुखणं होतं, पण हसतमुख होती. चाललं होतं तिचं. म्हणजे... मी आलो नाही म्हणून तिचं काही अडलं नाही."

शेवटचं वाक्य त्यानं गुरुजींकडं न बघता म्हटलं.

गुरुजी उठले. माठाखालच्या ओल्या वाळूत एक वाटोळा गोटा अर्धा रुतला होता. वरून दुपारचं ऊन लागत होतं. तो उचलून त्यांनी सौमित्रच्या हातात दिला.

"बोट फिरव. पूर्ण वेढा घे."

"इकडं चटका बसतो... इकडं गार."

"दोन्ही मिळून?"

"कोमट."

"आता तिरका वेढा घे. आडवा घे."

त्यानं घेतला. पुन्हा घेतला.

"कोमटच."

"मग गोटा कोमट आहे?"

...

सौमित्रनं गोटा दोन्ही तळव्यांत धरला. एक तळवा भाजत होता, दुसरा गारठला होता. खाली ठेवावा, तर ठेववेना.

"फोनवर हसायची हो," तो म्हणाला. "सुट्टी काढून येऊ का विचारलं, तर म्हणाली, आधी तुझा प्रबंध पुरा कर."

"आणि तू केलास."

"केला."

खाडीला ओहोटी लागली होती. चिखल उघडा पडत होता.

"शेवटी तिच्याजवळ कोण होतं रे?"

"शेजारच्या शेवंताकाकू."

"वहीत त्या कितव्या पानावर?"

"नाहीत. दोनदा गेलो होतो. काही बोलल्याच नाहीत. नुसत्या रडल्या. लिहिण्यासारखं काही..."



...

"जा," गुरुजी म्हणाले. "त्यांच्या ओटीवर जाऊन बस. कसा आहेस म्हणून विचारतील. बरा आहे म्हणू नकोस."