अभद्र प्रश्न

एकदा एक आचार्य होते आणि त्यांचं काम जरा जगावेगळं होतं. ते मुलांना शिकवत नसत. मुलांना शिकवणाऱ्यांना शिकवत. गुरुजींचे गुरुजी म्हणा ना! हे काम किती अवघड, ते ज्यांनी कधी शिक्षकांच्या सभेत चार शब्द बोलून पाहिले असतील त्यांना विचारा. शिक्षक माणूस दुसऱ्याचं ऐकायला बसला, तरी मनातल्या मनात त्याच्या चुका काढत असतो.

डोंगराच्या पायथ्याशी आमराईत त्यांचा आश्रम होता. कुठल्याही गावाला पाठशाळेसाठी गुरुजी हवा असला, की तो इथून जाई. मात्र जाण्याआधी प्रत्येक शिष्याने आश्रमातल्या विद्यार्थ्यांचा एक गट वर्षभर सांभाळायचा, अशी रीत होती. त्यांचे पाठ घ्यायचे, भांडणं सोडवायची, दुखलंखुपलं पाहायचं. पुस्तकातलं ज्ञान पोरांच्या गराड्यात किती टिकतं, ते इथे कळे.

त्या वर्षीच्या शिष्यांत अच्युत नावाचा तरुण सर्वांत हुशार होता. स्मरण लख्ख, वाणी शुद्ध, शिस्त कडक. पाठ म्हणताना एखाद्या मुलाची एक मात्रा चुकली, तरी याचं बोट वर झालंच म्हणून समजा. पण मनाने मोठा मायाळू. कुणाला ताप आला तर हा रात्रभर उशाशी बसून राही. थंडी सरली की एका मोठ्या पेठेच्या गावी त्याने पाठशाळा चालवायला जायचं, हे ठरूनच गेलं होतं.

त्याच्या गटात हैबती नावाचा एक मुलगा होता. घोंगड्या विणणाऱ्यांच्या घरातला, मिसरूड फुटण्याच्या वयाचा आणि भारी खट्याळ. अच्युतची नक्कल करावी ती हैबतीनेच. ते वर केलेलं बोट, ती ताणलेली भुवई! अच्युत स्वतः दाराआड उभा राहून ती नक्कल बघे आणि तोंडावर उपरणं दाबून हसे.

दिवाळीला हैबती घरी जाऊन आला आणि पोरगं पार बदललं. बोलणं आटलं. ताटात अन्न उरू लागलं. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून तो एकटाच भिंतीकडे बघत बसे. कडाक्याची थंडी पडली, तेव्हा आईने विणलेली घोंगडी त्याने एका लहानग्याला देऊन टाकली. मग तांब्या दिला. मग पोथ्या बांधायचं रेशमी फडकंही दिलं.

आता हेच एखाद्या घरात घडलं असतं, तर आईने आधी कपाळाला हात लावून पाहिला असता. पण हा पडला आश्रम! इथे कमी बोलणं म्हणजे मौन, कमी जेवणं म्हणजे मिताहार, झोप न येणं म्हणजे साधना आणि आपल्या वस्तू वाटून टाकणं म्हणजे अपरिग्रह. दुखण्याच्या एकेका खुणेला या मंडळींकडे एकेक सुंदर नाव तयार होतं. अच्युतला तर काय आनंद झाला! एके सकाळी त्याने हैबतीला सगळ्या मुलांपुढे उभं केलं.

"पाहा," तो म्हणाला, "याला म्हणतात वैराग्य. नाहीतर तुम्ही! एका लाडवावरून एकमेकांच्या शेंड्या ओढता."

मुलं हसली. हैबती खाली मान घालून उभा होता. त्याला विनय समजून अच्युतने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

पुढे एकदा तिन्हीसांजेला अच्युत पडवीत दिवा लावत होता. हैबती मागे येऊन उभा राहिला.

"अच्युतदादा," तो म्हणाला, "कधी कधी वाटतं, मी नसलेलोच बरा."

अच्युत गर्रकन वळला. "शिव शिव! दिवेलागणीला हे काय बोलणं? असं अभद्र बोलू नये रे. वास्तू तथास्तु म्हणते!"

आपल्याकडे हा समज घरोघरी आहे. छपराखाली वाईट बोललं, की घराची देवता 'तसंच होवो' म्हणते म्हणे. अच्युतचा त्यावर पूर्ण विश्वास होता आणि हैबतीवर माया होती. म्हणूनच तो घाबरून ओरडला. लगेच त्याने एक स्तोत्र सांगितलं, रोज सायंकाळी म्हणायला लावलं. हैबती "बरं" म्हणाला आणि गेला.

त्यानंतर त्याने तसलं काही एकदाही बोलून दाखवलं नाही. उलट काही दिवसांनी तो कमालीचा शांत दिसू लागला. चेहऱ्यावरचा ताण गेला. अच्युत मनाशी म्हणाला, लागू पडलं बरं का स्तोत्र!

एके दिवशी दुपारची पंगत बसली होती. आचार्यांचा एक नेम साऱ्या आश्रमाला ठाऊक होता. वाढलेल्या पानावरून ते अर्धवट कधी उठत नसत. एकदा भर पंगतीत साप निघाला, सगळे विद्वान खांबांवर चढायचे तेवढे बाकी राहिले. हे मात्र "जाईल तो त्याच्या वाटेने" म्हणत भात कालवत बसले होते. अशा माणसाच्या शेजारी बसून अच्युत कौतुकाने आपल्या गटाची हकिकत सांगत होता. सांगता सांगता हैबतीचं वैराग्य आलं, घोंगडी आली, तिन्हीसांजेचं ते बोलणंही आलं.

आचार्यांचा हात तोंडाशी जाता जाता थांबला.

"काय म्हणाला तो? त्याचे शब्द सांग."

"म्हणाला, मी नसलेलोच बरा. पण गुरुजी, आता तो अगदी शांत आहे. स्तोत्र म्हणतो."

"तू त्यावर काय विचारलंस?"

"विचारायचं काय? मी म्हटलं, असं बोलू नये."

"तो आत्ता कुठे आहे?"

"पडवीत असेल. आज उपास करतो म्हणाला."

आचार्य उठले. भात तसाच, ताक तसंच, हात खरकटा! पंगत बघतच राहिली. हा म्हातारा माणूस धोतराचा सोगा सावरत चक्क पळत सुटला आणि अच्युत त्याच्यामागे.

पडवीत हैबती होता. त्याने आपली जागा स्वच्छ झाडली होती, अंथरुणाची वळकटी करून दोरीने बांधली होती, कपड्यांच्या घड्या नीट एकावर एक ठेवल्या होत्या. आचार्य त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. धाप लागली होती, ती ओसरू दिली. मग अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "हैबती, तुला मरावंसं वाटतं का?"

छपराखाली, भर दुपारी, एका कोवळ्या पोराला आणि तेही प्रत्यक्ष आचार्यांनी हा प्रश्न विचारावा! कानांवर हात ठेवावेत की आचार्यांचे पाय धरावेत, हेच अच्युतला कळेना.

हैबतीने वर पाहिलं. मग तो म्हणाला, "हो."

आणि ढसाढसा रडू लागला.

आचार्यांनी त्याला रडू दिलं. अच्युतच्या जिभेवर 'मनुष्यजन्म दुर्लभ' इथपासून सगळं येऊन थांबलं होतं. आचार्यांनी डाव्या हाताने शेजारी बसलेल्या अच्युतचा गुडघा दाबला, तेव्हा कुठे ते तिथेच राहिलं.

"मला काही वाटतच नाही, गुरुजी," हैबती रडत म्हणाला. "दिवाळीत आईने जवळ घेतलं तरी काही वाटलं नाही. सगळे हसत होते, मी हसल्यासारखं करत होतो. वाटायचं, मी सगळ्यांना फसवतोय. मग इथे दादांनी मला सर्वांसमोर उभं केलं आणि म्हणाले, याला वैराग्य म्हणतात. मला वाटलं, म्हणजे हे असंच व्हायचं असतं. म्हणजे माझी वाट बरोबर आहे."

अच्युतने खांबाला टेकून डोळे मिटून घेतले.

"काही ठरवलंस का?" आचार्यांनी विचारलं.

"हो. आज."

"सांगितलंस ते फार बरं केलंस," आचार्य म्हणाले. "आता मी तुझ्याजवळून हलणार नाही. अच्युत, इकडे बघ. तू आता काही शिकवू नकोस. गावातून वैद्यबुवांना घेऊन ये आणि कुणाला तरी याच्या आईकडे पाठव. पळ!" मग हैबतीकडे वळून म्हणाले, "हे मी तुझ्या पाठीमागे करत नाहीये, बाळ. हे ओझं तुला एकट्याला पेलणार नाही, मलाही नाही. म्हणून माणसं बोलावतोय."

वैद्यबुवा आले. मनाची दुखणी त्यांनी पुष्कळ पाहिली होती. ते हैबतीशी निवांत बोलले, औषध दिलं, त्याला क्षणभरही एकटं ठेवायचं नाही असं बजावलं. दिवस कलायच्या आत त्याची आई धावतपळत आली आणि लेकाला पोटाशी धरून बसली. तेव्हा आचार्य उठले, विहिरीवर गेले आणि वाळून कोरडा झालेला तो हात धुऊ लागले. अच्युत पाणी घालत होता. त्याचे डोळे सुजले होते.

"गुरुजी," तो म्हणाला, "मी त्याला मरणाच्या वाटेवर शाबासकी दिली. मी पाठशाळा चालवायला नालायक आहे. पण एक सांगा. आपण तो शब्द उच्चारलात कसा? त्याच्या मनात नसतं आणि आपल्या बोलण्यामुळे आलं असतं तर?"

"नसतं तर तो 'नाही' म्हणाला असता, आणि मी परत येऊन माझा भात खाल्ला असता," आचार्य म्हणाले. "अरे, विचारल्याने मरण मनात शिरत नाही. ते आधीच येऊन बसलेलं असतं. तुझ्या 'असं बोलू नये'ने ते उठून जात नाही, फक्त त्या पोराचं बोलणं बंद होतं. मग ते दोघंच उरतात, तो आणि ते. त्याला वैराग्य आलं होतं की दुखणं, हे बाहेरून मलाही ओळखता आलं नसतं. दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून तर विचारलं. तू चुका दुरुस्त करायला शिकलास आणि त्यात पटाईत झालास. पण तो पाठ म्हणत नव्हता रे, तो हाक मारत होता. तू वैद्य नाहीस, मीही नाही. आपण विचारायचं, ऐकायचं, शेजारी बसायचं आणि जाणत्याला बोलावून आणायचं. एवढं आलं तरी पुष्कळ. आणि नालायक म्हणशील, तर मी आधी! इतकी वर्षं गुरुजी घडवतोय आणि हे कुणालाच शिकवलं नाही."

दुसऱ्याच दिवसापासून आश्रमात नवा पाठ सुरू झाला. दोघादोघांनी समोरासमोर बसायचं आणि एकाने दुसऱ्याला तो प्रश्न मोठ्याने विचारायचा. काय सांगू, सभा जिंकणाऱ्या त्या पंडितांची कशी भंबेरी उडाली! कुणी खोकला, कुणी घाम पुसला. एकाने तर "आपणांस देहविसर्जनाची अभिलाषा उत्पन्न होते काय?" असं विचारलं.

"अरे, त्या पोराला आधी शब्दकोश आणून देशील का?" आचार्य कडाडले. "साधं विचार!"

सगळे हसले. अच्युत मात्र हसला नाही. शब्द त्याच्या ओठांशी येत आणि परत जात. तो रोज प्रयत्न करी आणि रोज अर्ध्यावरच उठून जाई. पेठेच्या गावाहून निरोपावर निरोप येत होते. त्याने जाणं पुढे ढकललं.

हैबती आश्रमातच होता, आई त्याच्याजवळ राहत होती. मनाचं दुखणं काही चुटकीसरशी जात नाही. चार दिवस बरे जात, पाचवा वाईट जाई. वैद्यबुवा येत, औषध बदलून देत. एखाद्या दिवशी अच्युतकडे बघून पोरगं भुवई ताणून दाखवी. लगेच दुसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडून राही.

अशाच एका दुपारी अच्युत मुलांचा पाठ घ्यायला निघाला होता. पडवीत हैबती बसला होता आणि त्याची आई पलीकडे तांदूळ निवडत होती. हैबतीने काही हाक मारली नाही. नुसता बसला होता. अच्युत दोन पावलं पुढे गेला आणि थांबला. उशीर होत होता, मुलं वाट बघत होती. तो मागे फिरला आणि त्याच्यासमोर खाली बसला. या वेळी शब्द ओठांवरून परत गेले नाहीत.

"हैबती, आज तुला मरावंसं वाटलं का रे?"

हैबतीने मान डोलावली. "हो. सकाळी फार वाटलं." मग थोड्या वेळाने तो म्हणाला, "तुम्ही विचाराल म्हणून थांबलो होतो, दादा."

अच्युत तिथेच मांडी घालून बसला. त्या दुपारी पाठ झाला नाही.