आनशीचं खोड

नदीवर सिमेंटचा पूल व्हायच्या फार फार आधीची ही गोष्ट. तेव्हा दोन वाड्यांच्या मधे फक्त साकव असायचा. पोफळीची खोडं शेजारी शेजारी टाकायची, वेलींनी आवळायची, धरायला एका अंगाला बांबू बांधायचा, की झाला साकव. पावसाळ्यात तो वाहून जाई आणि दिवाळी सरली की झिलू सुतार नवा घाली. पण रीत अशी, की ज्याने साकव घातला त्याने आधी उजवा पाय टाकून, कुणाचा हात न धरता, पलीकडे जायचं. त्याशिवाय माणूस त्यावर चढत नसे, आणि शिमग्यात देवीची पालखीही नाही.

एके वर्षी साकव झाला, सकाळी झिलू पाऊल टाकणार, तर आदल्या संध्याकाळीच त्याच्या डाव्या अंगावरनं वारं गेलं. हात लुळा, पाय लाकूड, तोंड वाकडं. गाव मोठं मायाळू. कुणी त्याला उचलून ओटीवर ठेवी, कुणी उचलून उन्हात. असं म्हणतात, उचलून उचलून झिलूचं गाठोडंच झालं.

साकव तसाच पडून. पलीकडची माणसं ओहोटी बघून छातीभर पाण्यातनं येत. झिलूची लेक त्याच साली पलीकडच्या वाडीत दिलेली. तिच्या दारात पालखी पहिल्यांदाच नाचायची होती.

गावचे मानकरी गावकार म्हणाले, "झिल्या, डावा पाय आधी टाक, आम्ही धरतो. देवी चालवून घेईल."

"साकव नाही चालवून घेणार," झिलू बोबडं बोलला आणि भिंतीकडे तोंड करून निजला.

त्याची बायको आनशी दारातनं ऐकत होती. उजवा पाय उचलायचा, तर अंगाचा सगळा भार डाव्यावर येणार. म्हणजे शिकवायचं ते डाव्याला, हे तिनं मनाशी धरलं. दुसऱ्या दिवशी तिनं मायाळू गावाला ओटीवरनं उठवलं, अंगणात पोफळीचं उरलेलं खोड आडवं घातलं आणि दोन माडांना धरायला दोरी बांधली.

"उठा."

"कैदाशीण आहेस गो तू!"

"असेन. भार डाव्यावर घ्या."

आधी नुसतं पाटावरनं उठायचं नि बसायचं. मग उजवा पाय पाटावर ठेवायचा, परत खाली घ्यायचा. मग खोडावर. झिलू पडे, शिव्या घाली, रडे.

सासू ओरडली, "अगो, धर त्याला! दगडाची आहेस काय?"

"मी धरलं तर माझे हात घट्ट होतील, आत्याबाय. त्यांचा पाय नाही."

पण खोडाच्या दोन्ही अंगांना पेंढा कोण पसरी? तीच. आणि रोज कालच्याहून जाड. असं म्हणतात, झिलू खोडावर चढला की दोरीचे दोन्ही माड वाऱ्यातही झुलायचे थांबत. पुढे दोरी झिजून तुटली. आनशीनं ती परत बांधली नाही.

शिमगा आला. पालखी नदीवर येऊन थांबली. झिलू काठी टेकत साकवाशी आला आणि काठी आनशीच्या हातात दिली. पलीकडे लेक उभी. झिलूने उजवा पाय उचलायला घेतला, आणि डावा थरथरू लागला. चौघे धरायला धावले. आनशी हात पसरून आडवी आली.

"हात लावाल तर बघा! भार डाव्यावर घ्या हो. दम खा."

असं म्हणतात, तेव्हा भरतीचं पाणी गप्प झालं. दोन्ही काठांवरचे बगळे एकेक पाय पोटाशी घेऊन उभे राहिले, जणू सांगत होते, अहो, असं. झिलू त्यांच्याकडे बघून हसला, वाकड्या तोंडानं. आणि उजवा पाय साकवावर पडला. मग डावा. मग उजवा. पलीकडे पोचल्यावर तो लेकीला म्हणाला, "तुझी आई कैदाशीण आहे हो," आणि लहान मुलासारखा रडला. पालखी त्याच्या मागोमाग गेली.

आता वर पूल आहे, मोटारी जातात. तरी खाली साकव दरवर्षी घालतात, आणि त्याच्या तोंडाशी एक खोड टाकतात. त्याला आनशीचं खोड म्हणतात. वारं गेलेली माणसं कुठून कुठून येऊन त्यावर पाय टाकायला शिकतात. खाली पेंढा असतोच, गावातल्या बाया घालतात. कुणी डळमळलं तर सगळे एकच म्हणतात, "भार डाव्यावर!" मग त्याचा उजवा पाय गेलेला का असेना.

आणि शिमग्यात पालखी साकवापाशी येते, तेव्हा खांद्यावर असूनही थांबते. आधी त्या वारं गेलेल्यांतलं एखादं माणूस पलीकडे जातं, हळूहळू, आपल्या पायांनी. कितीही वेळ लागो, ढोल वाजत नाही. देवी वाट बघते.